घरच्या घरी इन्सेमिनेशन आणि डोनरचं वीर्य: कायदा काय म्हणतो, विमा कुठे हात वर करतो

नवऱ्याच्या तपासणीत शुक्राणू शून्य आले की डॉक्टर डोनरचा, म्हणजे दुसऱ्या पुरुषाच्या वीर्याचा, पर्याय सांगतात, आणि तिथून बरीच जोडपी थेट मोबाइलकडे वळतात. इंदूरसारख्या शहरात तर जास्तच. रामबागेतला किंवा लोकमान्य नगरातला मराठी गोतावळा एकमेकांना चांगला ओळखून असतो. क्लिनिकच्या बाकावर मावससासूबाईंची मैत्रीण भेटणार नाही, याची खात्री कोण देणार? त्यापेक्षा बिनसुईची सिरिंज ऑनलाइन मागवू, डोनर कुठूनतरी मिळवू आणि इन्सेमिनेशन (सिरिंजने वीर्य योनीत सोडणं) घरीच उरकू, असा विचार होतो. ही धास्ती खोटी नाही आणि तिला कुणी हसू नये. पण घरी केलेल्या गोष्टीचा कागद तयार होत नाही, आणि पुढे मुलाच्या बाबतीत कोर्ट, विमा कंपनी आणि सरकारी कचेरी कागदच मागतात.

आधी एक गोष्ट वेगळी काढू. वीर्य नवऱ्याचंच असेल आणि केवळ संबंध जमत नसल्यामुळे (योनिमार्ग आकसून घट्ट होणं, ताठरतेची अडचण, नवऱ्याची फिरतीची नोकरी) घरी सिरिंज वापरायची असेल, तर कायद्याची काही अडचण नाही. मूल दोघांचं आहे, मधे तिसरा माणूस नाही. स्वच्छ कोरड्या डबीत वीर्य घ्यायचं, २० ते ३० मिनिटांत ते पातळ होतं, आणि तासाच्या आत बिनसुईच्या सिरिंजने योनीत सोडायचं. गर्भाशयाच्या तोंडातून आत काहीही ढकलायचं नाही. न धुतलेलं वीर्य गर्भाशयात गेलं तर त्यातल्या प्रोस्टाग्लँडिन या रसायनामुळे तीव्र कळा येतात आणि जंतुसंसर्ग वर गर्भनलिकांपर्यंत जाऊ शकतो. क्लिनिकमध्ये वीर्य धुऊन मगच आत सोडतात ते याचसाठी.

इथून पुढचं सगळं डोनरबद्दल.

कायद्यात 'घर' कुठे आहे?

सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान (नियमन) कायदा, २०२१, म्हणजे बोलण्यातला एआरटी कायदा, २५ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. शुक्राणू किंवा स्त्रीबीज शरीराबाहेर हाताळून ते स्त्रीच्या प्रजननमार्गात सोडून गर्भधारणेचा प्रयत्न करणारं प्रत्येक तंत्र त्याच्या व्याख्येत येतं. घरी केलेल्या इन्सेमिनेशनसाठी वेगळं कलम नाही. बहुतेक बंधनं क्लिनिकवर आणि वीर्य बँकेवर आहेत. त्यावरून लोक म्हणतात, "मनाई नाही ना, मग चालतं." ही समजूत अपुरी आहे, कारण खरी अडचण सिरिंज कुठे वापरली यात नसून वीर्य कुठून आलं यात आहे.

कलम २७ सांगतं की डोनरची तपासणी, वीर्य घेणं आणि साठवणं हे फक्त नोंदणीकृत बँकच करू शकते. डोनरचं वय २१ ते ५५. एका डोनरचं वीर्य एकापेक्षा जास्त दाम्पत्यांना देता येत नाही. डोनरचं नाव, आधार क्रमांक, पत्ता बँकेकडे असतो. तुम्हाला तो कळत नाही आणि तुमचं नाव त्याला कळत नाही. कलम २९ वीर्याची विक्री आणि हस्तांतर रोखतं. कलम ३३ खाली वीर्य विकणं, त्यासाठी दलाली करणं, ते परदेशातून मागवणं हे गुन्हे आहेत: पहिल्यांदा ५ ते १० लाख रुपये दंड, पुन्हा केलं तर ३ ते ८ वर्षं कैद आणि १० ते २० लाख दंड.

म्हणजे सोशल मीडियावर "इंदूर, उज्जैन, देवास, घरपोच सेवा" असं लिहिणारा माणूस पैसे घेऊन जे करतो ती विक्री आहे. परदेशी बँकेतून पार्सल मागवणंही त्याच रांगेत बसतं.

घरातून हळूच पुढे येणारा दुसरा पर्याय म्हणजे दीर, नाहीतर नवऱ्याचा जवळचा मित्र. "घराण्याचंच रक्त राहील" हे वाक्य मोठ्या मायेने म्हटलं जातं. क्लिनिक मात्र त्याला नकार देतं, आणि तो नकार आजचा नाही: भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २००५ च्या मार्गदर्शक सूचनांतच नातेवाईक किंवा ओळखीच्या माणसाचं वीर्य वापरू नये असं होतं. आमच्या मते यात सर्वांत मोठी जोखीम मुलाची आहे. ज्याला ते काका म्हणून हाक मारतं तो जनक असल्याचं गुपित दिवाळीला, लग्नकार्यात, वाटणीच्या भांडणात, प्रत्येक वेळी सांभाळावं लागतं.

नोटरीचा तो एक कागद

घरी करणारी बहुतेक जोडपी किंवा एकट्या बायका स्वतःला सुरक्षित समजतात ते जिल्हा कोर्टाबाहेर स्टँपपेपरवर टाइप करून घेतलेल्या करारामुळे. तो कागद साधारण चार वाक्यांचा असतो. एकेक वाक्य वाचू.

"डोनर मुलावर कोणताही हक्क सांगणार नाही." एआरटी कायद्याच्या कलम ३१ नुसार डोनरचे पालकत्वाचे हक्क सुटतात. पण तो डोनर म्हणजे बँकेमार्फत आलेला, संमतीपत्र भरलेला माणूस. खासगीत वीर्य देणारा पुरुष या चौकटीच्या बाहेर उभा राहतो आणि त्याला केवळ 'जैविक पिता' मानलं जाण्याचा दरवाजा उघडा राहतो. आई अविवाहित असेल तर हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, १९५६ च्या कलम ६ प्रमाणे पालकत्व आधी आईचं आणि तिच्यानंतर पित्याचं. उद्या आईला काही झालं तर आजी-आजोबांच्या समोर कोर्टात कोण येऊन उभं राहू शकतं, हे इथे लक्षात घ्या.

"आई पोटगी मागणार नाही." पोटगी हा मुलाचा हक्क आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ (पूर्वीचं १२५) औरस आणि अनौरस दोन्ही अपत्यांना तो देतं. आईला तो सही करून सोडता येत नाही. असा करार सार्वजनिक धोरणाविरुद्ध म्हणून भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २३ खाली टिकत नाही. हे वाक्य डोनरलाही वाचवत नाही.

"डोनरला मोबदला मिळाला." हे वाक्य तर विक्रीचा पुरावाच तुमच्या सहीनिशी लिहून ठेवतं.

"दोन्ही पक्ष गुप्तता पाळतील." नोटरी सही कुणाची आहे एवढंच प्रमाणित करतो, मजकूर कायदेशीर आहे असं नाही. आणि उद्या भांडण झालंच तर हाच कागद मूल कुणाचं हे सांगणारा पहिला दस्तऐवज ठरतो.

लग्न झालेलं असेल तर?

भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ चं कलम ११६ (जुन्या कायद्यातलं ११२) म्हणतं की वैध लग्न चालू असताना, किंवा ते संपल्यापासून २८० दिवसांच्या आत आणि आईने दुसरं लग्न केलेलं नसताना झालेलं मूल त्या नवऱ्याचं औरस मूल. त्या काळात नवरा-बायकोचा संबंध येणं शक्यच नव्हतं एवढं सिद्ध झालं तरच हे गृहीतक मोडतं. सर्वोच्च न्यायालयाने १९९३ पासून सांगितलं आहे की डीएनए चाचणी सरसकट मागता येत नाही. म्हणून घरी डोनर वापरलेल्या जोडप्याच्या मुलालाही नवऱ्याचं नाव मिळतं आणि संसार सुरळीत असेतो कुणी विचारत नाही.

अडचण घटस्फोटात येते, किंवा सासरच्या इस्टेटीच्या वादात. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात, डीएनए अहवाल आधीच कोर्टासमोर आलेला असताना, तो गृहीतकापेक्षा वरचढ मानला आणि नवऱ्यावरची मुलाच्या पोटगीची जबाबदारी काढून टाकली. क्लिनिकमध्ये डोनरच्या वीर्यासाठी नवरा-बायको दोघांची लेखी संमती घेतात, आणि कलम ३१ प्रमाणे ते मूल त्या दाम्पत्याचंच जैविक मूल मानलं जातं. तिथे डीएनए काय सांगतो हा मुद्दाच उरत नाही. नवऱ्याची ती सही म्हणजे मुलाच्या हक्काला मिळणारा सर्वांत भक्कम आधार आहे.

एकटी बाई, म्हणजे अविवाहित, विधवा किंवा घटस्फोटित, वय २१ पेक्षा जास्त आणि ५० पेक्षा कमी असेल तर क्लिनिकमध्ये डोनरचं वीर्य घेऊ शकते. लिव्ह-इन जोडपं 'दाम्पत्य' म्हणून नाही. कायद्यातलं दाम्पत्य म्हणजे विवाहित. दोन बायकांच्या जोडप्यात उपचार घेणारी एकटीच कागदावर आई होते. दुसरीने मुलासाठी काही करायचं तर मृत्युपत्र आणि विम्यातलं नामनिर्देशन हेच मार्ग हाताशी उरतात.

क्लिनिकमध्ये काय बघायचं

नुसतं आययूआय (धुतलेलं वीर्य गर्भाशयात सोडणं) करणारं केंद्र 'लेव्हल १' नोंदणीचं असलं तरी पुरतं. आयव्हीएफसाठी (टेस्ट ट्यूब बेबीसाठी) 'लेव्हल २' लागतं. नोंदणी पाच वर्षांची असते आणि नोंदणीकृत केंद्रांची यादी राष्ट्रीय एआरटी व सरोगसी रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावर बघता येते. क्लिनिकचा आणि बँकेचा, दोन्ही नोंदणी क्रमांक लिहून घ्या. बरेच जण क्लिनिकचाच बघतात आणि बँक विसरतात.

बँकेचं वीर्य −१९६ अंश सेल्सिअसला द्रव नायट्रोजनमध्ये असतं. डोनरची एचआयव्ही १ आणि २, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि सिफिलिस अशी तपासणी होते. वीर्य गोठवून सहा महिने बाजूला ठेवायचं, डोनरची तपासणी पुन्हा करायची आणि मगच ते वापरायचं, ही पद्धत आहे. कारण सरळ आहे. नुकताच एचआयव्ही झालेल्या माणसाची नेहमीची रक्ततपासणी साधारण १८ ते ४५ दिवस निगेटिव्ह येऊ शकते. डोनरने व्हॉट्सअॅपवर पाठवलेला कालचा निगेटिव्ह रिपोर्ट या फटीबद्दल काहीच सांगत नाही. ताज्या वीर्याचा खरा धोका हाच.

रक्तगटही विचारा. नवऱ्याचा एबी आणि मुलाचा ओ, हे सहसा होत नाही, आणि शाळेच्या ओळखपत्रावरचा रक्तगट बघून प्रश्न विचारणारा कुणीतरी भेटतोच. बँक जुळता रक्तगट शोधून देते. तुम्ही स्वतः थॅलेसेमिया किंवा सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारांच्या वाहक असाल तर डोनरचा हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिसचा (वाहक ओळखणाऱ्या रक्ततपासणीचा) अहवाल मागा. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गर्भधारणेत मूल आजारी असण्याची शक्यता २५ टक्के. माळव्यात आणि झाबुआ-अलीराजपूरच्या पट्ट्यात हा प्रश्न नुसता पुस्तकी नाही. भावंडाला तोच डोनर हवा असेल तर सुरुवातीलाच जास्तीच्या व्हायल (वीर्याच्या कुप्या) राखून ठेवा. साठवणुकीची मर्यादा दहा वर्षं.

"गोठवलेली व्हायल घरी द्या, आम्हीच सोडतो," असं विचारणारेही असतात. क्लिनिक देणार नाही, कारण नोंदीत ती कुणाला, कधी, कुठे वापरली हे लिहायचं असतं. आणि वैद्यकीय दृष्ट्याही तोटाच आहे. गोठवून वितळवलेले शुक्राणू जेमतेम दिवसभर टिकतात, व्हायलमध्ये अर्धा मिलिलिटरच्या आसपास द्रव असतो, म्हणून ते गर्भाशयात आणि नेमक्या वेळी, म्हणजे एलएच (बीज सुटण्याआधी वाढणारं संप्रेरक) वाढल्यावर २४ ते ३६ तासांत, सोडावे लागतात.

प्रक्रियेच्या दिवशी सोडण्याआधी व्हायलवरचा कोड आणि फाइलमधला कोड तुमच्यासमोर जुळवायला सांगा. यात संकोच नको. दिल्लीतल्या एका रुग्णालयात वीर्याची अदलाबदल झाली, जुळ्या मुली झाल्या, आणि २०२३ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने दीड कोटी रुपयांची भरपाई ठरवली. वीर्य आत सोडलं जाईपर्यंत संमती मागे घेण्याचा हक्क तुम्हाला आहे.

घरी जाताना 'डिस्चार्ज सर्टिफिकेट' मागा. ते देणं कायद्याने क्लिनिकवर बंधनकारक आहे. त्याची आणि संमतीपत्राची प्रत बँक लॉकरमध्ये ठेवा. क्लिनिकने नोंदी किमान दहा वर्षं ठेवायच्या आणि मग राष्ट्रीय रजिस्ट्रीकडे द्यायच्या असतात, पण तुमची प्रत तुमच्या हातात हवी.

विमा: कोणत्या ओळीवर क्लेम अडतो

पॉलिसीच्या वगळलेल्या गोष्टींच्या यादीत दोन कोड शोधा. विमा नियामकाने ठरवून दिल्यामुळे ते सगळ्या कंपन्यांत एकाच क्रमांकाने येतात.

कोड १७, वंध्यत्व: कृत्रिम इन्सेमिनेशन, आयव्हीएफ, इक्सी (स्त्रीबीजात शुक्राणू टोचणं), सरोगसी, नसबंदी उलटवणं. आययूआय असो की घरचं, त्याचा खर्च इथेच कापला जातो. शिवाय आययूआय ओपीडीत होतं आणि साध्या पॉलिसीत ओपीडी नसते. म्हणजे "क्लिनिकमध्ये केलं तर विमा मिळेल" हा समजही चुकीचा. काही कंपन्या आणि काही नोकऱ्यांच्या ग्रुप पॉलिसी ही वगळणी उठवून मर्यादित रक्कम देतात. तिथे प्रतीक्षा काळ आणि 'डोनरचा खर्च देय नाही' ही ओळ आहे का, एवढं तपासा. आयुष्मान कार्डावरही वंध्यत्वाचे उपचार बसत नाहीत.

कोड १८, प्रसूती: बाळंतपण, सिझेरियन, गर्भपात यांचा खर्च वगळलेला, पण गर्भनलिकेतली गर्भधारणा या वगळणीतून बाहेर आहे, म्हणजे तिचा खर्च मिळायला हवा. इथे क्लेम अडतो तो डिस्चार्ज समरीतल्या एका वाक्यामुळे. "आययूआयनंतर गर्भनलिकेतील गर्भ" असं लिहिलं की कंपनी कोड १७ पुढे करते. खरं तेच लिहिलं जावं, पण निदान काय आणि शस्त्रक्रिया कशासाठी केली हे पहिल्या ओळीत स्पष्ट असावं, असं डॉक्टरांना नक्की सांगा.

घरच्या प्रयोगानंतर ओटीपोटात संसर्ग होऊन भरती व्हावं लागलं तर कारण लपवू नका. डॉक्टरपासून लपवलं तर उपचार चुकतो. विमा कंपनीला खोटं सांगितलं तर आजचा क्लेम जातोच, पॉलिसीही रद्द होऊ शकते. नवीन पॉलिसीच्या अर्जात वंध्यत्वाच्या उपचारांबद्दल किंवा गरोदरपणाबद्दल प्रश्न असेल तर खरं उत्तर लिहा. सलग ६० महिने पॉलिसी चालली की कंपनी फसवणूक सिद्ध केल्याखेरीज लपवाछपवीचं कारण देऊ शकत नाही, पण तोवर तलवार टांगती.

प्रसूती कव्हर हवं असेल तर ते उपचारांच्या आधी घ्या. प्रतीक्षा काळ कंपनीगणिक नऊ महिन्यांपासून चार वर्षांपर्यंत असतो. नोकरीतल्या ग्रुप पॉलिसीत बहुधा पहिल्या दिवसापासून प्रसूती असते, फक्त रकमेला मर्यादा असते. बाळाचं नाव ठरलेल्या मुदतीत, बहुधा ३० दिवसांत, एचआरकडे कळवा. वैयक्तिक पॉलिसीत प्रसूती कव्हर नसेल तर बाळ सहसा ९० दिवसांचं झाल्यावर घेतात. आधीचे दिवस एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) गेले तर तो खर्च खिशातून. ईएसआयची (कर्मचारी राज्य विमा योजनेची) प्रसूती रजा आणि रोख लाभ गर्भ कसा राहिला किंवा लग्न झालं आहे का, यावर अवलंबून नाहीत. मागच्या दोन (सहा-सहा महिन्यांच्या) अंशदान काळांत ७० दिवसांचं अंशदान भरलेलं असलं की २६ आठवडे मिळतात.

एआरटी कायद्यात बारा महिन्यांच्या विम्याची जी तरतूद ऐकू येते ती स्त्रीबीज देणाऱ्या बाईसाठी आहे. वीर्यदात्यासाठी तसा विमा काढावा लागत नाही. त्या नावाखाली कुणी पैसे मागितले तर नियम दाखवायला सांगा.

क्लेम नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा. महिनाभरात उत्तर नाही किंवा ते पटलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जा; मध्य प्रदेशासाठी कार्यालय भोपाळला आहे. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे वाद चालतात.

जन्माचा दाखला आणि पुढचे कागद

जन्म २१ दिवसांत नोंदवा. गर्भ कसा राहिला याची चौकशी तिथे होत नाही. विवाहित जोडपं आई-बापाचं नाव लिहितं, बस. एकटी आई असेल तर वडिलांचं नाव सांगायची सक्ती नाही: २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अविवाहित किंवा एकट्या आईकडून फक्त शपथपत्र घेऊन दाखला द्यावा. नगर निगमच्या खिडकीवर बाबूने रकाना भरायचा आग्रह धरला तर कुणाचंही नाव खोटं लिहू नका. रकाना रिकामा ठेवा आणि शपथपत्र जोडा. खोटं नाव पुढे समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा कुटुंब-ओळख क्रमांक), शाळा, आधार सगळीकडे पसरतं आणि दुरुस्त करणं महाकठीण होतं. पासपोर्टला एका पालकाचं नाव चालतं आणि आई एकटी असेल तर पॅनसाठी वडिलांचं नाव लागत नाही.

घरी करून मूल झालेलंच असेल तर घाबरायचं कारण नाही, पण काही कामं लांबवू नका. विवाहित असाल तर दाखल्यावर नवऱ्याचं नाव आहे ते राहू द्या, 'खात्रीसाठी' डीएनए चाचणी करू नका, आणि नवऱ्याने मृत्युपत्रात "माझं अपत्य" एवढंच न लिहिता मुलाचं पूर्ण नाव आणि जन्मतारीख लिहावी. एकट्या असाल तर मृत्युपत्राने पालक नेमा. १९५६ च्या त्याच कायद्याचं कलम ९ आईला तो अधिकार देतं. आयुर्विम्यात मूल नॉमिनी असेल तर ते सज्ञान होईपर्यंत रक्कम कुणी घ्यायची त्याचं, म्हणजे अपॉइंटीचं, नाव भरा. डोनरशी झालेला जुना करार फाडू नका, वकिलाला दाखवा. आणि गेल्या काही आठवड्यांतच घरी ताजं वीर्य वापरलं असेल तर एचआयव्ही, हिपॅटायटिस आणि सिफिलिसची तपासणी ४५ दिवसांनी व पुन्हा तीन महिन्यांनी करा. संशय पक्का असेल आणि ७२ तास उलटले नसतील, तर आजच सरकारी रुग्णालयात जाऊन एचआयव्ही-प्रतिबंधक गोळ्या मागा.